फुलरची लेकरं

नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ साली ते उभं केलं. झाडांच्या सावलीत पन्नासच्या आसपास यंत्रं रांगेनं उभी आहेत: मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, दुसऱ्या महायुद्धातले जपानी रणगाडे आणि १९६५ साली पाकिस्तानकडून हिसकावलेले पॅटन. दिवाळीत मी मुलीला आणि मामांना घेऊन तिथे गेलो. मामा ७१च्या लढाईत सेंच्युरियन चालवायचे. शकरगडच्या बाजूला होते. घरी ते त्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

सेंच्युरियनपाशी आल्यावर मामा थांबले आणि त्यांनी पुढच्या पत्र्यावर हात ठेवला, गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मुलीनं विचारलं, "आजोबा, आतून सगळं दिसतं का?" मामांनी दोन्ही तळहात डोळ्यांसमोर आडवे धरले. मध्ये बोटभर फट ठेवली. "हॅच बंद केलं की एवढंच दिसतं बघ. धूळ उडाली की तेवढंही नाही. मागं कोण आहे, बाजूला कोण आहे, काही कळत नाही. वर कमांडर बसलेला असतो, तो सांगेल तिकडं घालायचा." मग तिनं दुसरा प्रश्न विचारला, जो मुलं विचारतातच: "हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं?"

रणगाडा एकट्या माणसाच्या डोक्यातून निघालेला नाही. पण तो घेऊन लढायचं कसं, हे ज्यानं सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट मांडलं त्याचं नाव मला ठाऊक होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं तेही ठाऊक होतं, म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला ते कसं सांगावं हे त्या क्षणी सुचेना. हा लेख तिच्यासाठी नाही, ती मोठी झाल्यावर वाचेल तेव्हा वाचेल. पण त्या प्रश्नानंच तो लिहायला लावला.

जॉन फ्रेडरिक चार्ल्स फुलर. जन्म १ सप्टेंबर १८७८, इंग्लंडमधल्या चिचेस्टरचा. वडील पाद्री. लहानपणीचा काही काळ स्वित्झर्लंडमधल्या लोझानला गेला, मग इंग्लंडात शाळा, मग सँडहर्स्टचं लष्करी महाविद्यालय, आणि १८९८ मध्ये ऑक्सफर्डशायर लाइट इन्फंट्रीत अधिकारी. अंगानं किरकोळ, जिभेचा तिखट, नेपोलियनचा भक्त. पलटणीत 'बोनी' हे टोपणनाव पडलं ते जन्मभर चिकटलं. बोअर युद्धात तो दक्षिण आफ्रिकेत होता. त्याच युद्धात गांधीजी जखमींच्या डोल्या वाहत होते, आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले एक मराठी डॉक्टरही वैद्यकीय पथकात होते. त्यांचं नाव बाळकृष्ण शिवराम मुंजे, पुढे हिंदू महासभेचे नेते झाले ते. त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

बोअर युद्ध संपल्यावर पलटण भारतात आली. इथे फुलरला दोन गोष्टी लागल्या, विषमज्वर आणि योग. विषमज्वरानं १९०६ साली त्याला मायदेशी धाडलं. योगाची ओढ मात्र टिकली. १९२५ मध्ये त्यानं त्यावर एक पुस्तकही लिहिलं. अलिस्टर क्रोली नावाच्या गूढविद्येच्या माणसानं आपल्या लेखनावर निबंध स्पर्धा जाहीर केली होती, शंभर पौंड बक्षिसाची. फुलरनं ग्रंथच लिहून पाठवला. ती एकमेव प्रवेशिका होती. बक्षिसाचे पैसे कधी आले नाहीत आणि १९११ पर्यंत दोघांचं बिनसलं. या प्रकरणावर लोक पुष्कळ लिहितात, मला त्यात रस नाही. एवढंच जाणवतं, की थोड्या निवडक लोकांना सत्य दिसतं आणि बाकीचे आंधळे, ही समजूत त्याच्यात फार लवकर रुजली होती.

डिसेंबर १९१६ मध्ये त्याची नेमणूक रणगाड्यांच्या नव्या दलाच्या मुख्यालयात झाली. आधी रणगाड्यांबद्दल त्याला कौतुक नव्हतं, पण काही आठवड्यांत तो त्यात पुरता बुडाला. त्या काळातला रणगाडा म्हणजे लोखंडी भट्टी. आत आठ माणसं, मधोमध उघडं इंजिन, पेट्रोलचा धूर, डोकं फुटेल असा आवाज. बोललेलं ऐकूच येत नसे, म्हणून चालवणारा इंजिनच्या आवरणावर पाना आपटून गिअर बदलणाऱ्यांना खूण करायचा. माणसं आत भोवळ येऊन पडत. हे सगळं ठाऊक असूनही फुलरच्या लक्षात आलं, की चूक यंत्रात नाही, वापरण्यात आहे. सेनापती रणगाडे दोन-चार दोन-चार करून पाठवत होते, तेही तोफांनी नांगरून चिखल केलेल्या जमिनीवर. त्याचं म्हणणं होतं, कोरडी जमीन निवडा, तोफांचा आगाऊ भडिमार बंद करा, सगळे रणगाडे एकदम सोडा.

२० नोव्हेंबर १९१७च्या पहाटे फ्रान्समधल्या कांब्रे इथे ते झालं. एकूण ४७६ रणगाडे, त्यांतले ३७८ प्रत्यक्ष लढणारे. जर्मनांच्या खंदकांची रुंदी इतकी, की रणगाडा त्यात अडकलाच असता. त्यावर उपाय अगदी खेडवळ होता. काटक्याकुटक्यांच्या प्रचंड मोळ्या साखळ्यांनी आवळून रणगाड्याच्या टपावर ठेवल्या. खंदकाच्या काठावर आलं की मोळी आत ढकलायची आणि तिच्यावरून पलीकडे जायचं. उसाच्या गाड्या ओढ्यातून काढायला आमच्याकडे पाचट टाकतात, तीच युक्ती. पहिल्या दिवशी काही मैलांची आघाडी फुटली. इंग्लंडात चर्चच्या घंटा वाजल्या. दहा दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, जर्मनांनी प्रतिहल्ला केला आणि कमावलेलं बरंचसं परत गेलं.

या प्रतिहल्ल्याच्या वेळी तिथे भारतीय घोडदळही होतं, हे आपण सहसा वाचत नाही. १ डिसेंबरला पेझियेर गावाजवळ लान्स दफादार गोविंदसिंग यांनी तीन वेळा उघड्या माळावरून, गोळ्यांच्या वर्षावात निरोप पोचवला. तिन्ही वेळा त्यांचा घोडा मारला गेला, आणि तिन्ही वेळा ते उरलेलं अंतर पायी धावत गेले. दीड मैलाचा पट्टा. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लष्करी इतिहासात कांब्रे म्हटलं की रणगाडे आणि फुलर. मी कांब्रे म्हटलं की मला आधी हा धावणारा माणूस दिसतो. गोविंदसिंगांना युद्धाची योजना कुणी विचारली नव्हती. तरी पहिल्या दोन घोड्यांनंतर तिसऱ्यांदा कोण जाणार असं विचारल्यावर ते पुन्हा पुढे झाले.

फुलर अशा माणसांसाठी पुढे कधी लिहीत बसला नाही. त्याचं डोकं वेगळीकडे धावत होतं. मे १९१८ मध्ये त्यानं एक योजना लिहिली. तिला पुढे 'प्लॅन १९१९' म्हणू लागले. शत्रूचं सैन्य मारत बसू नका, त्याचा मेंदू फोडा. वेगवान रणगाडे आणि विमानं थेट मुख्यालयांवर घाला, हुकूम देणारेच गोंधळले की पुढची लाखभर माणसं आपोआप कोसळतील. युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ला संपलं आणि योजना कागदावर राहिली. पण कल्पना राहिली नाही. वीस वर्षांनी ती पोलंड आणि फ्रान्समध्ये उतरली, फुलरच्या देशाविरुद्ध.

यानंतरच्या पंधरा वर्षांचा इतिहास म्हणजे एका हुशार माणसाचं कडू होत जाणं. तो लिहायचा, शिकवायचा, भांडायचा. घोड्यांवर प्रेम करणाऱ्या सेनापतींना त्यानं झोडपून काढलं. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर होतं, हे कबूल करायला हवं. आणि मग डिसेंबर १९२६ मध्ये संधी समोर आली. ब्रिटिश लष्करानं यंत्रांवर चालणारं एक प्रायोगिक दल टिडवर्थला उभं करायचं ठरवलं आणि त्याची कमान फुलरला देऊ केली. जगातलं असं पहिलंच दल. पण त्या कमानीसोबत एका पायदळ ब्रिगेडची आणि छावणीच्या कारभाराची जबाबदारीही होती. फुलरनं मागणी केली, छावणीची कामं काढून घ्या, मदतीला माणूस द्या. वरून नकार आला. त्यानं चिडून राजीनामा दिला. नंतर राजीनामा मागे घेतला, पण कमान दुसऱ्याकडे गेली होती. ज्या गोष्टीसाठी दहा वर्षं डोकं आपटलं ती हातात येता येता गेली, आणि कारण काय, तर छावणीच्या कागदपत्रांना कारकून.

हे वाचताना मला त्याचा राग येत नाही, उलट त्याचा राग माझ्या ओळखीचा वाटतो. मी वीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रॉडक्शनला होतो. आमच्या प्रेस शॉपमधल्या दोन मशीनना हात आत गेला की थांबवणारं गार्ड नव्हतं. मी प्रस्ताव केला, खर्च काढून दिला, चित्र काढून दिलं. तो एका कमिटीतून दुसऱ्या कमिटीत फिरत राहिला. पुढच्या तिमाहीत बघू. कोटेशन पुन्हा मागवा. मेंटेनन्सचं मत घ्या. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात रात्रपाळीला एका पोराची दोन बोटं गेली. मी त्याला ओळखत होतो. राहुरीचा, लग्न ठरलेलं होतं त्याचं. रुमालात गुंडाळलेला तो हात आणि मशीनच्या डायवर राहिलेला रक्ताचा एक बारीक ओघळ मला आजही दिसतो.

त्या रात्री घरी आल्यावर मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, म्हणालो, "या सगळ्यांना एक हंटर घेतलेला माणूस पाहिजे. एकानं ठरवायचं आणि झालं पाहिजे." अण्णा म्हणाले, "तेच तर मी म्हणतो. या देशाला हुकूमशहाच पाहिजे. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या घरात, काकांच्या घरात, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या बाकावर. त्या रात्री ते माझ्याही मनातलं होतं आणि मी ते मनापासून मानलं. म्हणून फुलरकडे मला वरून बघता येत नाही.

गार्ड शेवटी बसलं. ते कुठल्या हंटरवाल्यानं बसवलं नाही. प्रेस शॉपमधली माणसं दोन दिवस गेटवर बसली. त्यांच्यात जो बोलत होता, तो मला एरवी कटकटी वाटायचा. मीटिंगमध्ये प्रत्येक गोष्टीला हरकत घेणारा. कमिटीला जे दोन वर्षं जमलं नाही ते त्याच्या हरकतीनं नऊ दिवसांत झालं. मी तेव्हा हे नीट पाहिलं नाही. बोटं गेली याचाच राग एवढा मोठा होता, की ती वाचवण्याची वाट कुठून आली हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली.

फुलरला ते कधीच लक्षात आलं नाही. १९३० मध्ये मेजर जनरल झाला, पण हाताला काम नाही. मग त्याला मुंबईची कमान देऊ केली. ती त्याला दुय्यम वाटली, त्यानं नाकारली. १९३३ साली निवृत्ती. त्याच वर्षी त्यानं सेनापतींच्या रोगांवर आणि त्यांच्या इलाजावर एक छोटं पुस्तक काढलं, शेवटी इतिहासातल्या शंभर सेनापतींच्या वयांची यादी जोडून. सेनापतीला ऐन उमेदीची वर्षं हवीत, हे त्यातून त्याला दाखवायचं होतं. तो स्वतः तेव्हा पंचावन्नचा होता. यादी करताना त्याला काय वाटलं असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आणि १९३४ मध्ये तो ऑस्वाल्ड मोस्लीच्या ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्समध्ये गेला. काळे शर्ट घालणारी ही संघटना मोस्लीनं ऑक्टोबर १९३२ मध्ये काढली होती. मोस्ली स्वतःही पहिल्या महायुद्धात लढलेला, आधी काँझर्व्हेटिव्ह खासदार, मग मजूर पक्षाचा मंत्री. ७ जून १९३४ला लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात त्याची प्रचंड सभा झाली. कुणी मध्ये घोषणा दिली की झोताचा दिवा त्याच्यावर पडायचा आणि काळे शर्टवाले त्याला सगळ्यांसमोर बदडून बाहेर फेकायचे. त्या रात्रीनंतर पुष्कळ प्रतिष्ठित लोक बिचकले. जानेवारीत काळ्या शर्टांचा जयजयकार छापणाऱ्या 'डेली मेल'नंही जुलैत हात काढून घेतला. ज्या वर्षी लाज असलेली माणसं बाहेर पडत होती त्याच वर्षी फुलर आत गेला. लष्करातला एवढा मोठा अधिकारी त्या संघटनेला दुसरा मिळाला नाही. त्यानं संघटनेची रचना कशी सुधारावी याचा अहवाल लिहून दिला, धोरणं ठरवणाऱ्यांत बसला, लंडनमधल्या सेंट पँक्रसमधून त्यांचा भावी उमेदवार म्हणून उभा राहिला.

काही लोक म्हणतात की लष्करी सुधारणांच्या हव्यासातून तो तिकडे वाहवला. हे खोटं नाही, पण पुरं खरंही नाही, आणि अर्धं सांगणं मला पटत नाही. १९३५ मध्ये त्यानं फॅसिस्टांच्या त्रैमासिकात ज्यूंवर लेख लिहिला आणि त्यांना युरोपचा कर्करोग म्हटलं. हे कुणी त्याच्याकडून वदवून घेतलं नव्हतं. सभेच्या भरात तोंडून निघालेलंही नव्हतं. टेबलाशी बसून, शब्द निवडून लिहिलेलं होतं. ज्या माणसानं सैन्याला शरीर आणि मुख्यालयाला मेंदू म्हटलं होतं, त्याच्या हाताला समाजही शरीरच वाटला, आणि मग त्यातला कुठला अवयव कापायचा हे ठरवायला वेळ लागला नाही. त्याच्या वकिलीसाठी योग आणि उपनिषदांची आवड पुढे करणारे आपल्याकडेही भेटतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की तो लेख योगावरच्या पुस्तकाच्या दहा वर्षं नंतरचा आहे.

इटलीनं अबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला तेव्हा फुलर 'डेली मेल'चा वार्ताहर म्हणून इटालियन बाजूला गेला. मुसोलिनीला भेटला. विषारी वायू हे तोफगोळ्यापेक्षा दयाळू शस्त्र आहे असं त्यानं १९२३ पासूनच लिहून ठेवलं होतं. डिसेंबर १९३५ पासून इटालियन विमानांनी इथिओपियाच्या सैन्यावर आणि गावांवर मस्टर्ड वायू टाकला. त्यानं कातडी फोड येऊन सुटते, डोळे जातात, आणि अनवाणी माणसाला तर जमिनीवर पडलेला वायूही पुरतो. इथिओपियाची बहुतेक माणसं अनवाणीच होती.

आता मुंज्यांकडे यायला हवं. डॉ. मुंजे गोलमेज परिषदेहून परतताना रोमला थांबले आणि १९ मार्च १९३१ला मुसोलिनीला भेटले. पोरांना लष्करी शिस्त देणाऱ्या बालिला संघटनेच्या शाळा त्यांनी फिरून पाहिल्या आणि कौतुकानं डायरीत लिहिलं. १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभं राहिलं, त्यामागे ही भेट होती, हे इतिहासकारांनी त्यांच्याच डायरीवरून दाखवलंय. त्याच्या आधीपासून 'केसरी'तही इटलीच्या शिस्तीचं कौतुक छापून येत होतं. मुंजे आणि फुलर एकसारखे होते असं मी म्हणत नाही. एक गुलाम देशातला होता, आपल्या लोकांच्या दुबळेपणानं पोळलेला. दुसरा साम्राज्याचा अधिकारी. पण बोअर युद्धाच्या मैदानावरून निघालेले दोन रस्ते एकाच माणसाच्या टेबलाशी पोचले, आणि त्यातला एक आपल्या घरावरून जातो, हे लपवून लेख लिहिणं मला अप्रामाणिक वाटलं असतं. आमच्या पंगतीतलं ते वाक्य आभाळातून पडलेलं नाही.

२० एप्रिल १९३९. हिटलरचा पन्नासावा वाढदिवस. बर्लिनमध्ये संचलन. आमंत्रित इंग्रजांत फुलर होता. तासन्‌तास रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा ओढणारे ट्रॅक्टर समोरून गर्जत गेले. संचलनानंतर हिटलरनं त्याचा हात हातात घेऊन विचारलं, "तुमच्या लेकरांवर खूश आहात ना?" फुलरनं उत्तर दिलं, "महाराज, ती इतकी झपाट्यानं वाढली की मला ओळखू येईनात." हा प्रसंग त्यानं स्वतःच सांगितला. त्यात त्याला अभिमान होता. पाच आठवड्यांपूर्वी याच सैन्यानं प्राग गिळलं होतं. चार महिन्यांनी ही लेकरं पोलंडमध्ये शिरली. १ सप्टेंबर १९३९. त्या दिवशी फुलर एकसष्ट वर्षांचा झाला.

मी हा प्रसंग वाचताना दर वेळी 'लेकरं' या शब्दाशी अडखळतो. आमच्याकडे विहिरीवरच्या इंजिनालाही माणसं लेकरासारखं जपतात, मामा सेंच्युरियनला जपत होते. यंत्रावर जीव लावणं मला समजतं. पण मामांनी कधी त्या यंत्राला सांगितलं नाही की तू वाट्टेल त्याच्यावरून जा.

युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनच्या लष्करप्रमुखाला, आयर्नसाइडला, फुलर आपल्या हाताखाली हवा होता. मंत्रिमंडळानं नाही म्हटलं. २३ मे १९४०ला मोस्लीला पकडलं, संरक्षण नियम १८बी खाली, खटल्याशिवाय. त्याच्या संघटनेचे सातशेच्या वर लोक आत गेले. खासदार असलेला कॅप्टन रॅमसे गेला, निवृत्त ॲडमिरल डॉमव्हिल गेला. फुलरच्या दाराशी कुणी आलं नाही. तो युद्धभर घरी राहिला आणि वर्तमानपत्रांतून लढायांचं विश्लेषण लिहीत राहिला.

आणि इथे माझं गाव येतं. १४ सप्टेंबर १९३९ला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं ठराव केला होता. त्यात नाझीवादाचा आणि फॅसिझमचा स्वच्छ धिक्कार होता आणि ब्रिटनला एकच सवाल होता, की तुम्ही ज्या स्वातंत्र्यासाठी लढता त्यात भारत येतो का. जवाहरलाल नेहरू तर मार्च १९३६ मध्ये रोमवरून येताना मुसोलिनीला भेटायला नकार देऊन आले होते. नुकतीच पत्नी गेली होती, लोझानला. त्याच लोझानला, जिथे फुलरचं लहानपण गेलं. इटालियन अधिकारी विमानतळावर हट्ट धरून बसले होते, तरी ते गेले नाहीत. ९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत त्यांना आणि कार्यकारिणीला पकडून गाडीत घातलं आणि नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणलं. पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. खटला नाही. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात आझादांची पत्नी गेली, ते इथेच होते. नेहरूंनी इथल्या मुरमाड जमिनीत फुलझाडं लावली आणि १९४४ मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं.

संग्रहालयातून निघाल्यावर आम्ही त्याच दिवशी किल्ल्यात गेलो. खंदकाला कडेनं गवत होतं. त्या खोल्यांसमोरचा व्हरांडा लांबलचक आहे, मुलगी पळत जाऊन परत आली. मामा पायरीवर बसले. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर गाडीनं काही मिनिटांचं. जिथे फुलरच्या कल्पनेतून वाढलेली यंत्रं उभी आहेत ते एक आवार, आणि जिथे फॅसिझमला ओळखून नाही म्हणणारी माणसं कोंडली ते दुसरं. ज्या राज्यानं या माणसांना कुलूप घातलं त्यानंच त्या सेनापतीला मोकळं ठेवलं, कारण तो त्यांच्यातला होता. त्या व्हरांड्यात उभं राहून मला हे पहिल्यांदा नुसतं समजलं नाही, तर बोचलं.

फुलर पुढे पुष्कळ जगला. युद्धाचे जाडजूड इतिहास लिहिले, त्यात शहरांवरच्या बाँबफेकीवर कडक टीका केली, आणि ती टीका वाचण्यासारखी आहे. १९६३ साली लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशननं त्याला चेस्नी सुवर्णपदक दिलं. १० फेब्रुवारी १९६६ला कॉर्नवॉलमधल्या फाल्मथला तो गेला. सत्त्याऐंशी वर्षांचा होता.

संध्याकाळी घरी आलो. अण्णा ओट्यावर बसले होते, टीव्हीवर कुठल्यातरी विधानसभेतला गोंधळ चालला होता. त्यांनी नेहमीचं वाक्य सुरू केलं, "या देशाला..." मी त्यांना थांबवलं नाही. वाक्य पूर्ण होऊ दिलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि फुलरची गोष्ट सांगितली, मोळ्यांपासून बर्लिनपर्यंत. कारखान्यातल्या त्या पोराचीही पुन्हा सांगितली, या वेळी गेटवरच्या दोन दिवसांसकट, कारण तो भाग मी त्यांना कधी सांगितलाच नव्हता. अण्णा मध्ये एकदाही बोलले नाहीत. टीव्हीचा आवाज त्यांनी स्वतःच बंद केला होता.

"त्याला धरलाच नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि किल्ल्यातल्यांना किती दिवस ठेवलं?"

नेहरूंचा हिशोब मला पाठ होता. शेवटचे काही आठवडे उत्तरेतल्या तुरुंगांत गेले, ते धरून १,०४१ दिवस.

"एक हजार एक्केचाळीस," अण्णा हळू म्हणाले, आणि बोटांवर वर्षं मोजायला लागले.